‘आणि एकजण’ : विमानाबरोबर गेलेल्यांची आठवण आपल्या भागात कशी ठेवायची?

निवृत्त_फिटर | ११ जानेवारी २०२५, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी बेळगावच्या सांबऱ्याजवळचा. वायुसेनेत २० वर्षं इंजिन फिटर होतो, त्यातली बरीच एएन-३२ या मालवाहू विमानांवर. आता थोडी शेती आणि सकाळचं फिरणं, एवढंच.

५ तारखेला पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव हेलिकॉप्टर कोसळलं. तिघं गेले. दोन वैमानिक आणि एक एअरक्रू डायव्हर. दुसऱ्या दिवशी मी हॉटेलात चहा पीत होतो. शेजारच्यानं पेपर घडी करून ठेवला आणि म्हणाला, "दोन पायलट गेले म्हणे." मी म्हटलं, तिघं गेले. "हां, आणि एकजण." तो ‘आणि एकजण’ तेव्हापासून डोक्यात बसलाय.

२८ जानेवारीला विंग कमांडर हनुमंतराव सारथींना दोन वर्षं होतील. ग्वाल्हेरहून मिराज-२००० घेऊन सरावाला निघाले होते, मुरैना जिल्ह्यावर सुखोई-३०शी हवेत टक्कर झाली. सुखोईतले दोघं बाहेर पडले, सारथी राहिले. आपल्या गणेशपूरचा मुलगा म्हणून त्या वेळी सगळं बेळगाव उभं राहिलं. ते व्हायलाच हवं होतं.

पण मालवाहू विमान किंवा हेलिकॉप्टर पडतं तेव्हा आत चार-पाच-सहा जणांचा क्रू असतो. फ्लाइट इंजिनिअर, गनर, लोडमास्टर. सार्जंट, कॉर्पोरल, वॉरंट ऑफिसर. कुणी केरळचा, कुणी ओडिशाचा, कुणी मथुरेचा. त्यांची नावं बातमीच्या शेवटच्या ओळीत येतात. आणि यातल्या बहुतेकांनी वायुसेनेतली पहिली परेड आपल्या सांबऱ्याच्या एअरमेन ट्रेनिंग स्कूलमध्ये केलेली असते. आपल्या उन्हात भाजलेली पोरं ती. मग ती बेळगावची कुणीच नाहीत का?

प्रश्न एवढाच. आपल्या भागात यांची आठवण ठेवायची तर कशी ठेवावी? कुणाचं काही सुचतंय का?


गणेशपूरकर | ११ जानेवारी, रात्री १०.०५

काका, तुम्ही २८ तारखेचा विषय काढलात म्हणून लिहितोय. एरवी लिहिलं नसतं.

तो शनिवार होता. दुपारी आधी टीव्हीवर ‘दोन विमानं पडली’ एवढंच. काही अवशेष पार राजस्थानात भरतपूरकडे पडलेले, म्हणून सुरुवातीला तीन विमानं की काय असाही गोंधळ होता. संध्याकाळी गल्लीत कुणीतरी म्हणालं, आपल्याकडचे आहेत. त्यानंतर गल्ली गप्प. दुसऱ्या दिवशी सांबऱ्याला विमानानं आणलं आणि तिथून गणेशपूरला. मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. एवढी माणसं मी गणपती विसर्जनाला बघितली आहेत, पण एवढी माणसं आणि आवाज नाही, असं तेव्हाच बघितलं. शेजारच्या एका आजीनं दारात पाणी ओतलं आणि मग काय करायचं ते न सुचून तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली.

आमच्याकडे त्यांना लोक विसरलेले नाहीत. घरच्यांना त्रास होईल असं इथं कुणी काही लिहू नये, एवढीच विनंती.


निपाणी_तंबाखू | ११ जानेवारी, रात्री १०.२०

आठवण ठेवायची आपली पद्धत ठरलेली आहे की. दहा बाय पंधराचा बॅनर. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. जवानाचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा, भावी नगरसेवकाचा फोटो दरवाजाएवढा, खाली शोकाकुल म्हणून चाळीस जण गॉगल लावून. पंधरा दिवसांनी तोच बॅनर उलटा करून कुणाच्या तरी गवताच्या गंजीवर.


चंदगडी_माणूस | ११ जानेवारी, रात्री १०.२६

@निपाणी_तंबाखू पावसाळ्यात आमच्या गंजीवर दोन आमदार आणि एक वाढदिवस आहे. गळत नाही अजिबात 😀


निपाणी_तंबाखू | ११ जानेवारी, रात्री १०.२९

कर्नाटकचे का महाराष्ट्राचे?


चंदगडी_माणूस | ११ जानेवारी, रात्री १०.३१

एक एक. गवताला सीमावाद नाही गा.


कडोलीचा_मास्तर | १२ जानेवारी, सकाळी ७.१५

चांगला धागा. एक मुद्दा शब्दाचा. आपण सहज ‘शहीद’ लिहितो. सरकारनं संसदेत सांगितलेलं आहे की सैन्यदलांत ‘शहीद’ हा अधिकृत शब्द नाही. मराठीत आपण ‘हुतात्मा’ म्हणू शकतो, पण बेळगावात तो शब्द उच्चारला की १७ जानेवारी आठवते. १९५६ चा गोळीबार. नाहीतर १ जून, १९८६ चं कन्नडसक्तीविरोधी आंदोलन, हिंडलग्याचं स्मारक. येत्या शुक्रवारीच १७ आहे, सकाळी आपण हुतात्मा चौकात असू. मग २८ ला दुसऱ्या कारणासाठी तोच शब्द वापरायचा का? मला वाटतं ‘वीरमरण’ही अपघाताला नीट बसत नाही. सरळ ‘कर्तव्यावर असताना गेले’ म्हणावं. साधं आहे आणि खरं आहे.


एक_हवालदार | १२ जानेवारी, सकाळी ८.०२

मास्तर, शब्दाचं तुमच्याकडे सोपं आहे. आमच्याकडे त्या शब्दावर कागद हलतात. मी मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त. फौजेत दोन रकाने असतात, बॅटल कॅज्युअल्टी आणि फिजिकल कॅज्युअल्टी. कुठल्या रकान्यात नाव गेलं त्यावर घरी काय पोचतं ते ठरतं. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात त्यागचक्राच्या ग्रॅनाइटवर पंचवीस हजारांच्या वर नावं सोनेरी अक्षरांत कोरली आहेत. २०१९ ला उद्घाटन झालं, त्यानंतर मी मुद्दाम गेलो. आमच्या पलटणीची नावं बोटानं शोधली. तिथल्या भिंतीवर लढाई आणि कारवाईत गेलेले आहेत. सरावात गेलेल्याला गावानंच कुठं तरी जागा करून द्यायला लागते.


चिकोडी_एक्सप्रेस | १२ जानेवारी, सकाळी ११.४०

थोडं कडू बोलतो. आठवण, दिवा, फुलं सगळं ठीक. पण डिसेंबरात संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचा अहवाल आला. २०१७ ते २०२२ या काळात वायुसेनेचे ३४ अपघात. ८ डिसेंबर २०२१ ला निलगिरीत कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत यांचं एमआय-१७ हेलिकॉप्टर पडलं, त्याच्यापुढच्या रकान्यात लिहिलंय ‘मानवी चूक (एअरक्रू)’. म्हणजे क्रूची चूक. हे वाचल्यावर मला कळत नाही की आपण नेमकं कशाला हात जोडतोय. त्यापेक्षा अपघात का होतात ते विचारणं ही खरी श्रद्धांजली नाही का?


नंदगडची_वैनी | १२ जानेवारी, दुपारी १.१०

@चिकोडी_एक्सप्रेस भावा, विचारा की. कोण नको म्हणतंय? पण ज्यांच्या घरात तो रकाना वाचला गेला असेल त्यांचा विचार करून लिहा.

माझा धाकटा भाऊ वायुसेनेत आहे, हेलिकॉप्टरवर. कुठं असतो ते लिहीत नाही. टीव्हीवर खाली पट्टी आली, ‘हेलिकॉप्टर कोसळले’, की आमच्या घरी जे होतं ते सांगते. आई आधी टीव्हीचा आवाज बंद करते. का ते तिलाच माहीत. मग मी फोन लावते. लागत नाही. मग पट्टीवर जागेचं नाव येतं. ती जागा त्याची नसली की आम्ही दोघी श्वास सोडतो. आणि सोडला की लगेच लाज वाटते, कारण तो श्वास दुसऱ्या कुणाच्या तरी घरातून आपल्याकडे आलेला असतो. आई देवापुढे दिवा लावते. कुणासाठी म्हणून विचारलं तर म्हणते, "ज्याचा फोन लागला नाही त्याच्यासाठी."

हे वर्षातून दोन-तीनदा होतं. आमच्याकडे आठवण ही अशी आहे.


निवृत्त_फिटर | १२ जानेवारी, दुपारी ३.३०

वैनी, नमस्कार तुमच्या आईंना.

@चिकोडी_एक्सप्रेस, तुमचा प्रश्न बरोबर आहे. मी टाळणार नाही.

कुन्नूरच्या अपघाताच्या चौकशीचा निष्कर्ष जानेवारी २०२२ मध्येच आला होता. यंत्रात बिघाड नाही, घातपात नाही, निष्काळजीपणाही नाही. दरीत हवामान अचानक बदललं, हेलिकॉप्टर ढगात शिरलं आणि वैमानिकाला दिशाभ्रम झाला. अशा अपघातात विमान धडधाकट असतं, वैमानिकाच्या ताब्यात असतं आणि डोंगरावर आदळतं.

दिशाभ्रम म्हणजे काय ते साध्या भाषेत. आपला तोल कानाच्या आतल्या पाण्यावर चालतो. बाहेर काही दिसत असलं तर डोळे त्या कानाला सांभाळून घेतात. ढगात सगळं पांढरं झालं की डोळे संपले. मग विमान हळूहळू एका अंगाला वळत असलं तरी कान सांगतो, तू सरळ आहेस. समोरची घड्याळं, म्हणजे विमानाची उपकरणं, सांगतात, तू कलला आहेस. अंग ओरडत असतं की घड्याळं खोटी आहेत. अंगाचं न ऐकता घड्याळाचं ऐकायला वर्षानुवर्षं शिकवतात, आणि तरी काही सेकंदांत माणूस हरतो. खाली मैदान असेल तर सावरायला वेळ मिळतो. निलगिरीत मिळत नाही.

आता याला रकान्यात ‘मानवी चूक’च म्हणतात. म्हणावंच लागतं, नाहीतर पुढच्या पोराला शिकवणार काय? पण रकाना प्रशिक्षणासाठी असतो. चहाच्या टपरीवर तो शब्द आला की त्याचा अर्थ ‘त्यांच्यामुळं झालं’ असा होतो, आणि उत्तर द्यायला ते नसतात.

माझी स्वतःची एक गोष्ट. उड्डाणाआधी फॉर्म ७०० वर फिटरची सही लागते. माझ्या ट्रेडचं काम मी बघितलंय, विमान जायला ठीक आहे, अशी. एकदा ईशान्येत असताना मी सही केलेलं विमान परतायला ४० मिनिटं उशीर झाला. रेडिओवर काही नाही. मी टूलबॉक्सवर बसून होतो आणि एकेक नट आठवत होतो. हा आवळला का, तो सेफ्टी वायर केला का. आलं विमान. हवामानामुळं लांबून वळसा घातला होता. लोडमास्टर उतरला, हसला, म्हणाला, "क्या हुआ, भूत देखा क्या?" माझ्या हाताला घाम इतका की पाना धरवत नव्हता.

ज्यांचं आलं नाही, त्यांच्या फिटरचं काय होत असेल हे मी आजही विचार करून बंद करतो.


चिकोडी_एक्सप्रेस | १२ जानेवारी, दुपारी ४.०५

काका, ‘त्यांच्यामुळं झालं’ हे मी नकळत तसंच लिहिलं होतं. मागे घेतो. पण विचारणं सोडणार नाही 🙂


निवृत्त_फिटर | १२ जानेवारी, दुपारी ४.१२

सोडूच नका.


पुण्यातून_बेळगावी | १२ जानेवारी, संध्याकाळी ६.५०

एएन-३२ चा विषय निघालाच आहे म्हणून. २२ जुलै २०१६ ला चेन्नईच्या तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेलं एएन-३२ बंगालच्या उपसागरावर गायब झालं. २९ जण होते. जहाजं, विमानं, पाणबुडी, सगळं लावून शोधलं. सप्टेंबरात घरच्यांना कळवलं की सगळे गेले असं धरून चाला. मग साडेसात वर्षांनी, जानेवारी २०२४ मध्ये, राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या स्वयंचलित पाणबुडी यंत्राला चेन्नईपासून ३१० किलोमीटरवर, ३४०० मीटर खोल, अवशेषांचे फोटो मिळाले.

साडेसात वर्षं कुंकू लावायचं की नाही हे ठरवता न येणं म्हणजे काय असेल? मला तरी कल्पना करवत नाही.


एक_हवालदार | १२ जानेवारी, रात्री ८.१५

साडेसात म्हणता? ७ फेब्रुवारी १९६८ ला चंदीगडहून लेहला निघालेलं एएन-१२. आत १०२ माणसं, बहुतेक सुट्टीवरून परतणारे जवान. लेहजवळ हवा खराब म्हणून वळलं आणि रोहतांगच्या आसपास नाहीसं झालं. ३५ वर्षं काही नाही. २००३ साली गिर्यारोहकांना ढाका हिमनदीवर पहिला मृतदेह सापडला. मग अधूनमधून एखादा. गेल्या सप्टेंबरात डोग्रा स्काउट्स आणि तिरंगा माउंटन रेस्क्यूच्या पथकानं आणखी चार जण खाली आणले. ५६ वर्षांनी. त्यातला थॉमस चेरियन हा केरळचा, गेला तेव्हा २२ वर्षांचा. खांदा द्यायला भाऊ आले ते म्हातारे होऊन.

बर्फ माणसाला म्हातारं होऊ देत नाही. आमच्या पलटणीत सियाचीन करून आलेला एक नाईक म्हणायचा, तिथं मेलेला कायम ड्यूटीवर असतो.


गोकाक_करदंट | १२ जानेवारी, रात्री ९.००

माझं मराठी थोडं कन्नडमिश्रित आहे, सांभाळून घ्या. घरी कन्नड, शाळा कन्नड, बायको निपाणीची, त्यामुळं आता दोन्हीकडचे शिव्या घालतात.

काका, तुमच्या प्रश्नावर माझं म्हणणं. कुन्नूरजवळ जिथं ते हेलिकॉप्टर पडलं ते गाव, नंजप्पाछत्रम, चहामळ्यातली माणसं. त्यांनी घरातली पांघरुणं आणली, जखमींना त्यातून उचललं, मातीची भांडी आणि बादल्यांनी आगीवर पाणी टाकलं. नंतर लष्करानं त्या गावाला नवी कांबळी दिली आणि वर्षभर दर महिन्याला डॉक्टर पाठवायचं ठरवलं. त्या गावाला जनरलही नवीन, सार्जंटही नवीन. आग लागली तेव्हा पांघरूण आणताना कुणी हुद्दा बघितला नाही. आठवण अशी असावी असं मला वाटतं.

सियाचीनच्या हिमस्खलनात सहा दिवस बर्फाखाली राहिलेले आमच्या धारवाड जिल्ह्याचे लान्स नाईक हनुमंतप्पा कोप्पद आठवतात ना? फेब्रुवारी २०१६. त्या वेळी आमच्या गल्लीत मारुतीच्या देवळात भजन मराठी, आरती कन्नड, रडणं सगळ्यांचं.


निपाणी_तंबाखू | १२ जानेवारी, रात्री ९.१४

करदंट अण्णा, बायको निपाणीची म्हणजे तुम्ही आमचे जावई. शिव्या घालायचा पहिला हक्क आमचा.

आता फलक लावायचं ठरलं तर कुठल्या भाषेत ते आधी ठरवा. नाहीतर कन्नड वर, मराठी खाली, इंग्रजी मध्ये, असं करता करता ज्याचं नाव लिहायचं त्याला जागाच उरणार नाही. आणि फलक लावल्याच्या तिसऱ्या दिवशी रात्री कोण तरी काळं फासणार, चौथ्या दिवशी बंद, पाचव्या दिवशी बस बंद. बिचारा फ्लाइट इंजिनिअर वरून बघत म्हणेल, मी तर केरळचा होतो बाबा.


कडोलीचा_मास्तर | १२ जानेवारी, रात्री ९.३०

हसू आलं आणि ते खरं आहे म्हणून वाईटही वाटलं.


संचालक | १२ जानेवारी, रात्री ९.३३

फलकाच्या भाषेवरून पुढे गेलात तर धागा कुलूपबंद होईल. आधीच्या तीन धाग्यांचा अनुभव आहे.


उचगावचा_बॅट्समन | १२ जानेवारी, रात्री १०.१०

‘स्मृती चषक’ भरवायचा का? टेनिस बॉल, आठ ओव्हर. पोरं तरी जमतील.


निपाणी_तंबाखू | १२ जानेवारी, रात्री १०.१३

@उचगावचा_बॅट्समन पहिलं बक्षीस बोकड, दुसरं कोंबडा, स्मृती तिसऱ्या क्रमांकाला.


फोटोवाला_कॅम्प | १३ जानेवारी, दुपारी १२.२०

मी इथं फक्त वाचतो, आज लिहितोय.

आमच्या वडिलांचा कॅम्पात फोटो स्टुडिओ होता. रविवारी सांबऱ्याची ट्रेनी पोरं बाहेर सुटायची. कडक इस्त्रीचा शर्ट, बारीक कापलेले केस, उन्हानं रापलेल्या मानेवर कॉलरची पांढरी रेघ. आधी फोटो, मग खडेबाजार, मग कुंदा बांधून घेऊन सीबीटीवरनं सांबऱ्याची बस. फोटो घरी पाठवायला. पहिल्यांदा युनिफॉर्मातला. वडील सगळ्यांना एकच सांगायचे, "हनुवटी वर, आई बघणार आहे."

काहींचे फोटो न्यायचे राहायचे. ट्रेनिंग संपलं, पोस्टिंग लागली, पोरगं रात्रीच्या गाडीनं गेलं. वडील त्या पाकिटांवर पेन्सिलीनं नाव आणि राज्य लिहून ठेवायचे. ‘पैसे दिलेले आहेत’ असंही लिहायचे. एक बुटांचा खोका भरलाय. वडील गेल्यावर स्टुडिओ बंद केला, खोका टाकवला नाही.

त्यातलं कोण आज आजोबा झालं असेल, कोण कुठल्या विमानात गेलं असेल, मला काय माहीत. धागा वाचला आणि काल रात्री खोका उघडला. आत्तापर्यंत ६१ पाकिटं मोजली, निम्मंही झालेलं नाही.


नंदगडची_वैनी | १३ जानेवारी, दुपारी १२.४१

दादा, तो खोका जपा हो.


पुण्यातून_बेळगावी | १३ जानेवारी, दुपारी १.०५

स्कॅन करून इथं टाका ना! कुणीतरी ओळखेल.


फोटोवाला_कॅम्प | १३ जानेवारी, दुपारी १.३०

नाही. विचार केला त्यावर. फोटो त्यांचे आहेत, पैसे देऊन काढलेले. नेटवर टाकायला मला कुणी दिलेले नाहीत. कुणी समोर येऊन बघणार असेल तर खोका घेऊन येईन.


चिकोडी_एक्सप्रेस | १३ जानेवारी, दुपारी ३.२०

काल काकांचं वाचल्यावर जरा शोधत बसलो. २७ फेब्रुवारी २०१९, बडगामचं एमआय-१७. आपल्याच क्षेपणास्त्रानं पडलं, वायुसेनाप्रमुखांनी नंतर ती मोठी चूक होती असं जाहीर कबूल केलं. आत सहा जण. त्यातले स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे नाशिकचे, म्हणून मराठी पेपरांतून आपल्याला माहीत. बाकी पाच मला आज पहिल्यांदा कळले. स्क्वाड्रन लीडर सिद्धार्थ वशिष्ठ, सार्जंट विक्रांत सेहरावत, कॉर्पोरल दीपक पांडे, कॉर्पोरल पंकज कुमार, विशाल कुमार पांडे. खाली जमिनीवर एक काश्मिरी नागरिकही गेला.

मी काल ‘क्रूची चूक’ म्हणालो. इथं क्रूची काहीच चूक नव्हती आणि तरी सहापैकी पाच नावं मला माहीत नव्हती. म्हणजे गडबड रकान्यात नव्हती, माझ्यात होती.

एक प्रश्न. जून २०१९ ला जोरहाटहून मेचुकाला जाताना एएन-३२ पडलं, १३ जण. आठ दिवसांनी डोंगरात अवशेष दिसले. त्यातल्या एका वैमानिकाची बायको त्याच वेळी जोरहाटला एअर ट्रॅफिक कंट्रोलच्या ड्यूटीवर होती, हे खरं का?


निवृत्त_फिटर | १३ जानेवारी, संध्याकाळी ५.००

तेव्हा सगळ्या पेपरांत आलं होतं. खरं आहे. मी त्यावर जास्त लिहू शकत नाही. त्या खोऱ्यांतनं मी उडालोय.


चंदगडी_माणूस | १३ जानेवारी, संध्याकाळी ५.४५

विषयांतर. ३० मे २०२३ ला होन्निहाळजवळ शेतात छोटं ट्रेनर विमान उतरलं होतं ते कुणी बघितलं का? माझा मावसभाऊ बघायला गेला होता. खाजगी शिकाऊ विमान, आतले दोघं वाचले. पण गाव एवढं लोटलं की विमानापेक्षा पिकाचं नुकसान माणसांनी जास्त केलं. एकजण म्हणे विमानाला नारळ फोडायला घेऊन आला होता.


निपाणी_तंबाखू | १३ जानेवारी, संध्याकाळी ५.५२

बरोबर केलं त्यानं. नवीन गाडी आली म्हणजे नारळ.


एक_हवालदार | १४ जानेवारी, सकाळी ६.३०

तीळगूळ घ्या, गोड बोला सगळे.

रात्री विचार करत होतो. काकांनी प्रश्न विचारला आणि आपण बॅनरपासून बोकडापर्यंत फिरून आलो. आमच्या रेजिमेंटल सेंटरमध्ये काय करतात ते सांगतो. भाषण कमी, नाव मोठ्यानं. नाव घेतलं की दोन क्षण थांबायचं. बास. २०-२५ नावं झाली की उभ्या माणसाचा घसा आपोआप दाटतो. त्याला माइक लागत नाही, परवानगी लागत नाही, भाषा पण लागत नाही. नाव सगळ्या भाषांत सारखंच.


कडोलीचा_मास्तर | १४ जानेवारी, सकाळी ७.१०

तीळगूळ. हवालदारसाहेब, हे पटलं. माझा ‘कर्तव्यावर असताना’ वगैरे शब्दांचा काथ्याकूट त्यात लागतच नाही. हुद्दाही शेवटी म्हणू. आधी नाव.


गणेशपूरकर | १४ जानेवारी, सकाळी ९.४५

२८ तारखेला मंगळवार आहे. संध्याकाळी साडेपाच चालेल का? गणेशपूरला घराजवळ नको, तिथं घरच्यांचं घरच्यांना असू दे. सांबऱ्याच्या बाजूला कुठं तरी. पहिलं नाव सारथींचं. मग बाकीचे.


निवृत्त_फिटर | १४ जानेवारी, सकाळी १०.२०

माझ्या शेताच्या बांधावर या. धावपट्टीकडे येणारं विमान तिथनं डोक्यावरनं जातं. १०-१५ जण आरामात उभे राहतील. चप्पल जरा जुनी घाला, बाजूला पाणी सोडलेलं असतं.

यादी मी करतो. सगळ्यांची होणार नाही, कधीच होणार नाही. यंदा एवढे. सारथी. बडगामचे सहा. कुन्नूरच्या क्रूमधले पृथ्वीसिंह चौहान, कुलदीप सिंह, राणा प्रताप दास, प्रदीप. दवाखान्यात आठवडाभर झुंजलेले वरुण सिंह. कारगिलच्या लढाईत तोलोलिंगवर २८ मे १९९९ ला पडलेल्या एमआय-१७ चे चौघं, राजीव पुंडीर, एस. मुहिलन, प्रसाद, राज किशोर साहू. यातले दोघं सार्जंट होते. त्यांना सांबऱ्याचा दरवाजा ठाऊक असणार. आणि पोरबंदरचे तिघं. तिघं.


नंदगडची_वैनी | १४ जानेवारी, सकाळी १०.५०

मी आईला घेऊन येते. खानापूरहून साडेतीनची गाडी धरली तर पोचतो. तिला बांधावर बसायला काहीतरी लागेल.


निवृत्त_फिटर | १४ जानेवारी, सकाळी १०.५३

खुर्ची ठेवतो.


फोटोवाला_कॅम्प | १४ जानेवारी, सकाळी ११.३०

खोका आणतो.


उचगावचा_बॅट्समन | १४ जानेवारी, सकाळी ११.४०

चहा मी आणतो थर्मासमधून. बोकडाचं नंतर बघू.


निवृत्त_फिटर | १४ जानेवारी, दुपारी २.१५

एक अडचण. नावं मोठ्यानं घ्यायची तर नीट घ्यायला हवीत. मी त्या पोरांबरोबर इतकी वर्षं राहिलो पण दक्षिणेकडच्या नावांची आम्ही वाटच लावायचो, सगळ्यांना ‘अण्णा’ म्हणून मोकळे. ते ‘मुहिलन’ कसं म्हणायचं? मुहीलन की मुगिलन?


गोकाक_करदंट | १४ जानेवारी, दुपारी २.४०

माझ्या ऑफिसात तमिळ मित्र आहे, त्याला विचारलं. दोन्ही चालतं म्हणाला, ‘ह’ आणि ‘ग’ च्या मधला आवाज. ‘मुगिल’ म्हणजे ढग. त्यावरनं नाव.


निवृत्त_फिटर | १४ जानेवारी, दुपारी २.५८

ढग.

बरं. लिहून घेतलं. मुहिलन. २८ पर्यंत रोज बांधावर म्हणून बघतो. आणि जुनी चप्पल विसरू नका.